‘१५ व्होल्ट दिसले की वायरिंग पास’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

मॉडेल रेल्वेचे लेआउट उभारणाऱ्यांमध्ये ‘वायरिंग तपासण्याचे पाच सोपे नियम’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रुळांवर मल्टीमीटरने सगळीकडे १५ व्होल्ट दाखवले की वायरिंग निर्दोष समजावे, संपूर्ण लेआउटला दोन वायरी पुरतात, कारण रूळ स्वतःच वीज वाहून नेतात, शॉर्ट शोधायचा तर मीटर बीपवर ठेवून रुळांना लावावा, बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा भाग) वारंवार ट्रिप होत असेल, म्हणजे आपोआप बंद पडत असेल, तर तो कमजोर आहे, जास्त अँपिअरचा आणावा, कारण १५ व्होल्टने काही जळत नाही, आणि एवढे करूनही इंजिन अडखळले तर रूळ पॉलिश पेपरने घासावेत. हे वाचून माझ्या भाच्याने १० अँपिअरचा बूस्टर मागवण्याची तयारी केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

चौथा, म्हणजे जास्त अँपिअरच्या बूस्टरचा नियम आधी घेतो. बाकीच्यांपायी फार तर वेळ आणि थोडे रूळ वाया जातील. याच्यापायी आग लागू शकते. १:८७ प्रमाणाच्या, म्हणजे एचओ मापाच्या घरगुती डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे रुळांतल्या विजेतूनच इंजिनांना आज्ञा देण्याची पद्धत) लेआउटला सहसा ३ ते ५ अँपिअरचा बूस्टर पुरतो, कारण आजकालचे एक इंजिन साधारण अर्धा अँपिअर किंवा त्याहूनही कमी प्रवाह घेते. दोन इंजिने चालत असताना असा बूस्टर ट्रिप होत असेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि बूस्टर आपले काम चोख करत आहे. १५ व्होल्ट आणि १० अँपिअर यांचा गुणाकार १५० वॅट होतो. कथील वितळवणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. घसरलेल्या डब्याचे चाक जिथे चुकीच्या रुळाला टेकते, तिथे आणि पॉइंटच्या (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या जोडाच्या) पातळ पात्यांत ही उष्णता साठू लागली की प्लास्टिकची बोगी वितळायला वेळ लागत नाही. १५ व्होल्टचा झटका बसत नाही हे मान्य, पण झटका न बसणे आणि न जळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याला दुसऱ्या, म्हणजे दोनच वायरींच्या नियमाची जोड मिळाली की अनर्थ पूर्ण होतो. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने १० मीटर दूर वीज नेली, तर जाऊन-येऊन २० मीटरचा रोध सुमारे ०.७ ओहम होतो. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या, पण सैल पडलेल्या जॉइनरनी त्यात आणखी एक ओहम घातला, तर त्या टोकाला थेट शॉर्ट होऊनही जेमतेम ९ अँपिअर वाहतील. ५ अँपिअरचा बूस्टर तिथे तत्काळ बंद पडेल. १० अँपिअरचा मात्र तेवढा प्रवाह नेहमीचाच समजून पुरवत राहील. रूळ वीज वाहून नेतात, एवढे अर्धसत्य त्या नियमात आहे. परंतु निकेल सिल्व्हरचा रोध तांब्याच्या कितीतरी पट असतो आणि जॉइनर कालांतराने काळवंडतात, म्हणूनच टेबलाखाली जाड बस वायर (वीज नेणारी मुख्य वायर) घेऊन तिच्यापासून रुळाच्या शक्य तो प्रत्येक तुकड्याला फीडर, म्हणजे छोटी जोडवायर, सोल्डर करतात. वायरिंगची खरी परीक्षा अशी: लेआउटच्या प्रत्येक भागात स्क्रू-ड्रायव्हरचे पाते क्षणभर दोन्ही रुळांवर आडवे टेकवावे, जिथे बूस्टर तत्क्षणी ट्रिप होत नाही, तिथले वायरिंग नापास.

आता पहिला नियम. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध दहा लाख ओहम किंवा त्याहून अधिक असतो, म्हणजे तो रुळातून जवळपास काहीच प्रवाह घेत नाही. दहा ओहमचा खराब सांधा मीटरला दिसतच नाही, पण अर्धा अँपिअर घेणाऱ्या इंजिनासाठी तोच सांधा ५ व्होल्ट गिळतो. शिवाय एनएमआरएच्या (अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या) एस-९.१ या मानकानुसार डीसीसीच्या ‘१’ या बिटचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे वारंवारता साडेआठ हजार हर्ट्झच्या आसपास जाते, आणि स्वस्त मीटरच्या एसी रेंजची हमी बहुधा ४०० हर्ट्झपाशीच संपते. त्यामुळे त्यावर दिसणारा १५ हा आकडा खरा मानण्याचे कारण नाही. तरीही मीटर फेकून देऊ नये, कारण तुलनेसाठी तो उपयोगी पडतो: मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब रुळांना जोडून थोडा वेळ पेटता ठेवावा, त्याच मीटरने बूस्टरपाशी आणि त्या ठिकाणी वाचन घ्यावे, आणि फरक व्होल्टभराचा निघाला तर मधले सांधे तपासावेत.

पॉलिश पेपरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. इंजिन अडखळण्याचे कारण पुष्कळदा मळच असतो हे खरे, पण घासल्याने पडलेल्या चऱ्यांत तो अधिकच बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले फडके पुरेसे आहे.

बीपचा नियम दिशेने बरोबर आहे, मात्र त्यातली महत्त्वाची अट संदेशात गाळली आहे. वीज बंद करून, बूस्टरच्या वायरी सोडवून आणि सगळी इंजिने व दिव्यांचे डबे उचलून घेतल्याशिवाय त्या बीपला अर्थ नाही. त्यानंतरही बीप आली तर बस वायर मध्यावर सोडवावी, बीप कोणत्या अर्ध्यात उरते ते पाहावे आणि तो अर्धा पुन्हा विभागावा. पॉइंट एका बाजूला असताना मीटर गप्प आणि दुसऱ्या बाजूला फिरवताच बीप, असे झाले तर टेबलाखाली शिरण्याचे कारण नाही. त्या इलेक्ट्रोफ्रॉग पॉइंटच्या, म्हणजे ज्याचा फ्रॉग (रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) धातूचा आणि वीज वाहणारा असतो अशा पॉइंटच्या, फ्रॉगपासून निघणाऱ्या आतल्या दोन रुळांना प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर बसवायचे राहून गेलेले असतात.