गावच्या ग्रुपला कुलूप लावण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे: यापुढे फक्त ॲडमिननेच लिहावे का? कापसाचे भाव आणि पावसाचा अंदाज 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडले जातात, ही तक्रार खरी आहे. जर्मनीत बसून सल्ला देणे सोपे असते, हे मान्य करूनही मला हा उपाय चुकीचा वाटतो, कारण लोक ग्रुपमध्ये का येतात आणि का टिकतात या दोन वेगळ्या प्रश्नांची त्यात गल्लत झाली आहे.

येतात ते माहितीसाठी. पण बोंडअळीवरचा सल्ला अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडूनही मिळतो आणि भाव बाजार समितीतही कळतात. फरदड ठेवावी (म्हणजे मुख्य वेचणीनंतरही कापसाचे पीक उभे ठेवावे) की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, उपटून टाकावी, असे विचारल्यावर आपल्याच शिवारातला, आपल्यासारखीच जमीन कसणारा माणूस रात्री उत्तर देतो, म्हणून विचारणारा टिकतो. उत्तर देणारा तर त्याहून अधिक टिकतो, कारण आपला कोणाला तरी उपयोग आहे हे त्याला दिसते. रेन, क्राउट आणि किस्लर या अभ्यासकांनी २००७ मध्ये ऑनलाइन समूहांतील ओढीचे दोन प्रकार मांडले होते: एक समूहाशी जडणारी, दुसरी त्यातल्या माणसांशी जडणारी. गावच्या ग्रुपमध्ये दुसरीच प्रबळ आहे, आणि (मला ते केकचे फोटो आवडत नसले तरी) वाढदिवसाच्या शुभेच्छा तिचाच भाग आहेत.

शिस्तीचीही किंमत असते. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटू लागली. दर्जा राखण्यासाठी आणलेल्या कडक नियमांमुळे आणि आपोआप मजकूर काढणाऱ्या संगणकीय साधनांमुळे नवख्यांचे प्रामाणिक लेखनही उडवले गेले आणि ते परतले नाहीत, हे त्यामागचे एक कारण अभ्यासकांनी दाखवले आहे.

इथे जर्मनीत साधा छंदही नोंदणीकृत संस्थेत चालतो. नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात, वर्गणी भरावी लागते, सभेचे इतिवृत्त लिहिले जाते. गावात मात्र कोणीतरी आपला नंबर परस्पर ग्रुपमध्ये टाकतो. प्रवेशाच्या बाबतीत इथली पद्धत मला बरी वाटते, पण वर्गणी भरूनही सभेला न फिरकणारे इथेही पुष्कळ आहेत, आणि ज्याच्याकडे किल्ल्या किंवा हिशेबाची वही सोपवलेली असते तो सहसा येतो.

अफवांचा मुद्दा मात्र गंभीर आहे. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच जणांचा जमावाने जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. त्या मर्यादेने आलेला मजकूर पुढे ढकलण्यावर बंधन आणले, स्वतः लिहिण्यावर नाही, आणि गावानेही हाच फरक पाळावा. भाव आणि हवामानासाठी फक्त ॲडमिन लिहू शकतील असा वेगळा सूचना-ग्रुप काढता येतो. जुन्या ग्रुपमध्ये बाहेरून आलेले फॉरवर्ड टाकण्यास बंदी असावी आणि शेतीचे प्रश्न ज्याला सुचतील त्याने विचारावेत. फॉरवर्ड काढून टाकण्याचे काम एकट्या ॲडमिनवर न ठेवता, सर्वांत जास्त तक्रार करणाऱ्या दोघातिघांनाही ॲडमिन करावे.