चोचीवरची गाठ: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमची तक्रार आधी इथे मांडतो: "तुमी लिहिलं का चोचीवर गाठ असते तो नर. आमच्या शेततळ्यावरच्या राजहंसाच्या जोडीत गाठवालीनंच अंडे देल्ले, बिनगाठीचा नुसता पाह्यत राह्यते. एप्रिलात कोंबडीखाली नऊ ठेवले, एकातूनही पिल्लू निघालं नाही. सरकीची ढेप खाऊ घालतो, कमी कशाची नाही. पुस्तक पाहून लिहू नका."

गाठीबद्दल तुमचं बरोबर आहे, माझंच वाक्य अर्धवट होतं. गाठ आधी जात सांगते, लिंग त्यानंतर. तुमच्या तळ्यावर जोडी असेलही, पण ती एका जातीची नसावी.

आपल्याकडे 'हंस' म्हणून विकले जाणारे पांढरे पक्षी दोन वेगळ्या रानटी जातींपासून आलेत. युरोपात कलहंस माणसाळवला गेला, त्यातून एम्डेनसारखे भारी पक्षी तयार झाले. चीनमध्ये मंगोलियाकडचा 'स्वान गूज' पाळला गेला, तो आजचा चिनी हंस. या दोघांत गाठ फक्त चिनी हंसाला असते आणि ती नरालाही असते, मादीलाही. नराची मोठी, मादीची लहान. म्हणजे गाठ पाहून नर-मादी ठरवायचे तर दोन्ही पक्षी चिनीच हवेत, आणि वयात आलेले हवेत. पिल्लांत काही कळत नाही.

गाठीवर शंका असेल तर मान बघा. कलहंसाच्या वंशातल्या पक्ष्याच्या मानेवरची पिसं उभ्या सऱ्या पाडल्यासारखी दिसतात, चिनी हंसाची मान गुळगुळीत आणि बारीक. चिनी ताठ उभा राहतो, एम्डेन पोट लोंबवत चालतो. शुद्ध एम्डेनचा नर 10 किलोच्या पुढे जातो, चिनी नर पाचेक किलोवर थांबतो. डोळ्यांच्या आणि चोचीच्या रंगावर जाऊ नका: पांढऱ्या वाणांत दोघांचेही डोळे निळे आणि चोच नारिंगी. बाजारात बरेचदा संकर मिळतो, अर्धवट गाठ आणि अर्धवट सऱ्यांचा. त्याला 'शुद्ध एम्डेन' म्हणून जास्त भाव कोणी मागितला तर मानेवर हात फिरवून बघा.

'राजहंस' हे मात्र मान्य नाही. खऱ्या हंसाची, म्हणजे स्वानची, डोळ्यापासून चोचीपर्यंतची कातडी उघडी असते. तुमच्या पक्ष्यांना तिथे पिसं असणार. मूक हंस या स्वानलाही गाठ असते, पण ती काळी, आणि त्याचे पाय नारिंगी नसतात. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर हिवाळ्यात येतो त्या पट्टकादंबाला जुने लोक राजहंस म्हणतात. तो करडा, डोक्यावर दोन काळे पट्टे. त्याला पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे.

आता नऊ अंड्यांचं. जाती वेगळ्या असणं हे कारण नाही, या दोघांची पिल्लं होतात आणि पुढे त्यांनाही होतात. आधी बिनगाठीचा नर आहे का हेच पक्कं करा. नराचा आवाज चिरका, मादीचा खालच्या पट्टीतला. दोन्ही माद्या असल्या तरी अंडी येतातच, फक्त रिकामी. नर असेल आणि तो भारी असेल तर जमिनीवर त्याला मादीवर नीट बसता येत नाही, दीड-दोन फूट पाणी लागतं. शेततळ्याला प्लास्टिक असेल तर काठावर पोतं किंवा फळी दगडाने दाबून उतार करा. नाहीतर पक्षी वर चढू न शकता थकून बुडतो.

दुसरं, देशी खुडूक कोंबडीखाली चार-पाचच अंडी ठेवायची. नऊ तिच्या पंखाखाली मावत नाहीत आणि एवढं जड अंडं तिला उलटवताही येत नाही. दिवसातून दोन-तीनदा तुम्हीच हाताने फिरवा. कोंबडीची 21 दिवसांत उबतात, याला 30 च्या आसपास लागतात, त्यामुळे ती मध्येच उठते. आठव्या-दहाव्या दिवशी अंधारात अंडं बॅटरीवर धरा. आत नुसता पिवळसर उजेड म्हणजे बहुतेक फळलंच नव्हतं. लाल कडं दिसलं तर जीव धरला होता आणि मेला. एप्रिलच्या उन्हात हे होतंच: ठेवणीतली अंडी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर राहिली की उबवण्याआधीच आत अर्धवट वाढ सुरू होते. म्हणून अंडी आठवड्याच्या आत बसवा, तोवर माठाजवळ गार जागी ठेवा, आणि कोंबडी पत्र्याखाली बसवू नका.

सरकीची ढेप आजपासून बंद करा. तिच्यातलं गॉसिपोल हे विषारी द्रव्य गायी-म्हशींना चालून जातं, पक्ष्यांना नाही. बुरशी लागलेली भुईमुगाची ढेप आणि मका तर त्याहून वाईट. हे पक्षी मुळात गवत खाणारे, त्यांना धुऱ्यावर चरू द्या. फक्त शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली असेल तर काही दिवस तिकडे सोडू नका.

बिनगाठीच्या पक्ष्याच्या मानेचा जवळून, बाजूने फोटो काढून टाका. सऱ्या दिसल्या तर जात तिथेच कळेल.