डबा आत, पोते दरीत

चिखलदऱ्याला सफाई मोहीम काढण्याचा विचार आपल्या मनात आला असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन. विदर्भातल्या या थंड हवेच्या ठिकाणी दर रविवारी निसर्ग पाहायला जाणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मागून कचरा उचलायला जाणारे मोजकेच. त्यातही आपण जिओकॅशिंगवाले, म्हणजे उपग्रहाच्या आधाराने दगडाखालचा डबा हुडकून काढणारे, त्यातल्या वहीत नाव लिहिणारे आणि डबा होता तसाच परत ठेवणारे लोक. वस्तू होती तशी परत ठेवण्याची ही सवय सफाईच्या कामात किती उपयोगी पडते, ते पुढे येईलच.

छंदाची जन्मकथा स्वागताच्या भाषणात अवश्य सांगावी. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दोनच दिवसांत ओरेगन राज्यात एका गृहस्थाने जंगलात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जगाला कळवले. पुढे 2002 मध्ये याच मंडळींनी ‘कॅश इन, ट्रॅश आउट’ हा उपक्रम सुरू केला: डबा शोधायला जा आणि येताना कचरा घेऊन ये. आपल्याकडे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानही 2000-01 चेच, हा योगायोग जोडला की भाषण सहज अर्धा तास चालते. उपक्रम किमान तासभर चालावा असा दंडक आहे. त्यात भाषणे धरू नयेत असे माझ्या तरी वाचनात आलेले नाही.

तारीख सप्टेंबरमधली धरावी. त्या दिवसांत गवत मांडीपर्यंत वाढलेले असते आणि पावसाळाभर पडलेला माल त्याच्या पोटात गडप झालेला असतो, त्यामुळे डोंगर पाऊण तासात स्वच्छ होतो. गवत वाळून बसले की प्रत्येक पन्नी उन्हात चमकू लागते आणि काम वाढते, म्हणून हिवाळा सरतानाचा काळ कटाक्षाने टाळावा. सोयाबीन काढणीचा हंगाम गाठता आला तर उत्तमच. आसपासच्या गावांतली माणसे तेव्हा शेतात गुंतलेली असतात आणि ‘गेल्या वर्षीची पोती कुठे गेली जी?’ असे विचारायला कोणी मोकळे नसते.

फलक मोठा हवा. त्यावर गाडगेबाबांचे छायाचित्र नखाएवढे आणि उद्घाटकांचे दाराएवढे असावे. बाबा याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात शिरले की आधी हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आपण हा क्रम उलटा केला आहे, तो सोयीसाठी. कार्यक्रम संपल्यावर फ्लेक्स झाडालाच राहू द्यावा. दोन दिवसांत कोणीतरी तो काढून नेतो आणि गोठ्यामागच्या कुटाराच्या ढिगावर अंथरतो. पुढचा सगळा पाऊस उद्घाटकांचा चेहरा एकटा झेलतो. समाजासाठी त्यांनी केलेले इतके टिकाऊ काम माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

परवानगीच्या भानगडीत पडू नये. हा मेळघाट आहे, प्रोजेक्ट टायगरच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक; जंगल वन खात्याचे आणि गाविलगडाची तटबंदी पुरातत्त्व खात्याची. जागेच्या मालकाला विचारल्यावाचून डबा लपवू नये, हा आपल्या छंदाचा पहिला नियम आहे खरा, परंतु पहिला नियम पाठ करायचा असतो. वनरक्षकाने अडवलेच तर ‘आम्ही तुमचेच काम करतो आहोत’ असे जरा दुखावल्या सुरात सांगावे.

प्रत्यक्ष सफाईसाठी पातळ, एकदाच वापरायचे हातमोजे घ्यावेत. बिअरच्या फुटक्या बाटलीने ते पहिल्या पाच मिनिटांत फाटतात आणि उचलण्याजोगा कचरा जागेवरच तयार होतो. काचेला जाड गोणपाट लागते, दरीच्या काठावर कंबरेला दोर लागतो, असे सांगणारे अनुभवी लोक भेटतील. त्यांना फलक बांधण्याच्या कामावर लावावे. पॉइंटवरच्या कठड्यापर्यंतच झाडावे. फेकणाऱ्याने कचरा कठड्यापलीकडे फेकलेला असतो, हे आपल्याला ठाऊक आहे, पण छायाचित्रकार कठड्याच्या अलीकडे उभा असतो.

उचलताना निवड करावी. पाण्याची प्लॅस्टिक बाटली आधी घ्यावी, कारण ती पोते लवकर भरते आणि भंगारवाला तिचे पैसेही देतो. चिप्सची चमकदार पाकिटे कोणीच विकत घेत नाही, म्हणून ती दिसू नयेत. आणि खर्ऱ्याच्या पन्नीला तर हातच लावू नये. ही वैदर्भीय वस्तू जवळून पाहण्याजोगी आहे: सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून ज्यात बांधला तो वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा, खाऊन झाल्यावर बोटाने गुंडाळून, वाटाण्याएवढा करून, तटाच्या दोन दगडांमधल्या फटीत असा दाबून बसवलेला असतो की, एवढी नीट लपवणूक आपल्या गटातल्या निष्णातांनाही जमलेली नाही. त्याच फटीत गुटख्याची पुडीही सापडते. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तेव्हा ती पुडी तेथे नाही असे समजून पुढे जावे.

न्याहारीला आलूबोंडा आणि तर्री ठेवावी. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर 2018 पासून बंदी असली तरी परतवाड्याहून घाट चढताना त्या हलक्या पडतात, हेही लक्षात घ्यायला हवे. डब्यात खाण्याची वस्तू ठेवू नये, वासाने जनावरे येतात, हा आपला नियम सर्वांना वाचून दाखवावा आणि उरलेले बोंडे वानरांना घालावेत.

यानंतर आपल्याच डब्याचा प्रश्न उभा राहतो. आमच्या गटाच्या मोहिमेत एका सदस्याने बुरुजाजवळच्या दगडांखालून झाकण फुटलेला, चिखलाने भरलेला प्लॅस्टिकचा डबा काढला आणि पोत्यात टाकला. दुसऱ्याने तो बाहेर काढला. आत वहीचा लगदा झालेला होता, एक गंजलेली सेफ्टी पिन होती आणि एक काचेची गोटी. हा कचरा की वारसा, यावर वीस मिनिटे वाद झाला. डबा जेथे होता तेथून आपापल्या फोनवरचा बिंदू किती मीटर चुकतो आहे, याचीही मापे निघाली. शेजारी म्हशी वळणारा एक म्हातारा बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, “थो डबा तं मी रोज पायतो, भाऊ. आतमदी कागदच हाय. मले वाटलं, कोनी टाकून गेलं असन.” आम्ही डबा सन्मानाने जागेवर ठेवला. म्हाताऱ्याचे मत नोंदवायला वहीत कोरडी जागा उरली नव्हती.

आता पोती. गोळा झालेल्या पोत्यांची रास करून मागे उभे राहावे, अंगठे वर करावेत, ताणकाट्यावर वजन करून ते फोनवर लगेच नोंदवावे. येथे मोहीम संपते. पोती रस्त्यापर्यंत कोणी न्यायची, टेम्पो कोणी सांगायचा, उतरवून कोठे घ्यायची, असले प्रश्न नियोजनाच्या बैठकीत काढणाऱ्याला पुढच्या बैठकीचा निरोप देऊ नये. 1803 च्या डिसेंबरात याच गाविलगडावर चाल करणाऱ्या इंग्रजांच्या फौजेने अवजड तोफा डोंगरदऱ्यांतून, आधी स्वतःच रस्ता करत, हातांनी ओढून आणल्या होत्या. त्यांना पगार मिळत होता. आपले स्वयंसेवक पडले हौशी. सव्वाशे पावले चढून पोते डांबरी सडकेला लावण्याची अपेक्षा त्यांच्याकडून कशी करावी?

तेव्हा पोती झाडाच्या बुंध्याशी टेकवून, वर चार फांद्या टाकून ठेवावीत. काम सवयीचेच आहे. रात्री बोंड्यांच्या वासाने डुकरे येतात, पहाटे वानरे येतात, मग वारा सुटतो, आणि उतार ज्या बाजूला आहे त्या बाजूला सगळे आपोआप जाते.

आम्ही आमच्या पोत्यांच्या तोंडाला ओळखीसाठी नारिंगी फिती बांधल्या होत्या. पुढच्या सप्टेंबरात कठड्यापाशी फलक बांधताना एकाला खाली करवंदीच्या जाळीत तशी फीत दिसली. सगळे धावले, सर्वांत आधी कोणाला दिसले, यावरून थोडी बाचाबाची झाली. मग त्याने फोन काढला, जागेचे अक्षांश-रेखांश टिपले, शोधायला सोपे आणि पोहोचायला अतिशय कठीण अशी प्रतवारी दिली आणि आम्ही ओळीने नावे लिहिली.