प्लायवर रंधा, पात्याची धार आणि काळ्या रेषा : आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या मालवणच्या स्वयंपाकघराच्या कामाला तुम्ही दोन तारे दिलेत. प्लायवर कुणी रंधा मारतं का, सुताराने अर्धा वेळ धार लावण्यात घालवला, कडेला काळ्या रेषा आहेत म्हणजे माल जुना, आणि सिंकखालचं दार घासतंय, असं तुमचं म्हणणं.

रंधा का मारला ते आधी सांगतो. घर जुनं, चिऱ्याचं. सिंककडची भिंत ओळंब्यात नाही, म्हणजे सरळ उभी नाही. कपाटाची बाजू तिथे लावली की वर भिंतीला टेकायची आणि खाली फट राहायची. म्हणजे वरून ४ मिलिमीटर आणि खाली येईतो शून्य, एवढंच काढायचं होतं. इतकं बारीक करवतीने काढायला गेलं की पातं बाहेर सरकतं, वरचा पातळ थर उचकटतो. रंध्याने एकेक साल काढायची, भिंतीला लावून बघायचं, पुन्हा काढायची. फटीत सिलिकॉन भरून मोकळं होता आलं असतं. बरेच जण तेच करतात, मग त्या पोकळीत झुरळं राहतात.

आता धारेचं. प्लायचे थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात. कडेवर रंधा चालवला की एका थराचे तंतू लांबीने सोलले जातात, लगेच पुढच्याचे आडवे तुटतात. त्यात मधला गोंद सुकल्यावर लाकडापेक्षा कडक. सागावर बराच वेळ टिकणारं पातं इथे बघता बघता बोथट होतं, आणि बोथट पात्याने थर कापले जात नाहीत, फाटतात. म्हणून आमचा सुतार सारखा दगडाकडे जात होता. शेवटचा कोपरा उडू नये म्हणून तो दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंतच रंधा मारतो, त्यालाही वेळ लागतो. मजुरी चौरस फुटावर ठरली होती, त्यामुळे त्या वेळाचा एक रुपयाही तुमच्या बिलात नाही.

काळ्या रेषा फिनॉलच्या गोंदाच्या आहेत, तो मुळात गडद तपकिरीच असतो. प्लाय मरीन आहे, म्हणजे पाण्याला टिकणारं, आयएस ७१० या भारतीय मानकाचं. या दर्जाच्या प्लायचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. उरलेला तुकडा तुमच्या माळ्यावर ठेवलाय, शिक्का वाचून घ्या. आमच्या दमट हवेत सिंकखाली साधं प्लाय आम्ही लावतच नाही, गिऱ्हाईक स्वस्त मागत असलं तरी.

राहिलं दार. त्याच्या कडेला सागाची पट्टी आहे, ती पावसात थोडी फुगते. आत्ता कुणाकडून तासून घेऊ नका, नाहीतर दिवाळीनंतर तिथे फट दिसेल. बिजागरीचा स्क्रू फिरवून दार सरकवता येतं. पुढच्या आठवड्यात आमचा माणूस मालवणात दुसऱ्या कामावर आहे, तो येऊन करून देईल. पैसे द्यायचे नाहीत. फक्त सकाळी घरी कोण असेल ते दुकानाच्या फोनवर कळवा.