गाडी काट्यावर घाला की!

५४२ रुपये ८० पैसे. त्यातले ऐंशी पैसे मी सोडले. उरलेल्यांवर माझा अजून जीव आहे.

निपाणीहून बेळगावला येताना महामार्गालगतच्या एका हॉटेलच्या आवारात गाडी चार्जिंगला लावली. बॅटरी ३० युनिटांची. २० टक्क्यांवर लावली, ८० टक्क्यांवर काढली. म्हणजे आत गेले १८ युनिट. बिल आलं २३ युनिटांचं. वीस रुपये दराने ४६०, वर १८ टक्के जीएसटी.

थोडी घट मलाही कळते. तारेतून येतो एसी प्रवाह, बॅटरीला लागतो डीसी. या बदलात काही वीज उष्णता होऊन जाते, काही बॅटरी गार ठेवण्यात जाते. पण मीटर या बदलाच्या अलीकडे बसवलाय की पलीकडे, म्हणजे घट कुणाच्या खिशातून, हे त्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. आणि पाच युनिट ही घट नव्हे, व्यापारी मालाच्या वजनातून कापतो तसला कडता झाला.

"काय झालं ओ पावणं?" बाकड्यावर चहा पीत बसलेल्या मामांनी विचारलं. मी सांगितलं.

"काटामारी!" मामा एकदम खुलले. ऊसवाला माणूस. "लावायच्या आधी गाडी काट्यावर घातली काय?"

"नाही."

"मग कसं ओ? आधी रिकामी घालायची, मग भरून घालायची. मधला फरक तो तुमचा माल. ते पुढं वजनकाटा हाय बगा, पोरगा वळखीचा हाय. घाला की!"

"मामा, बॅटरी भरली तरी गाडीचं वजन वाढत नाही."

मामांनी कपबशी खाली ठेवली. "जरा बी न्हाई?"

"नाही."

"मग पाचशे रुपये घेऊन त्यांनी आत घातलं काय?"

यावर मी युनिट, किलोवॅट वगैरे बोललो. मामांनी माझ्याकडे पाठ करून चहावाल्या पोराला हाक मारली, "ऐकलंस काय रे, पैसे घेतल्यात आणि वजन तेवढंच!" दोन ट्रक ड्रायव्हर जवळ आले. त्यांना मामांनी सगळं कन्नडमध्ये समजावलं. तिकडे पोचेपर्यंत रक्कम 'साविर रुपाई', म्हणजे हजार रुपये, झाली होती. एक ड्रायव्हर वाकून गाडीखाली बघून आला. काही गळत नव्हतं.

हसण्यावारी नेलं तरी मामांचं काय चुकलं? पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागता येतं. इथे त्या प्लगाखाली कुठला डबा धरायचा? मोजलेला आकडा गिऱ्हाइकाला स्वतः पडताळता आला पाहिजे, असा जर्मनीत कायदाच आहे. आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्राने खुलासा केला की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नव्हे, सेवा आहे. म्हणजे मला त्यांनी काही विकलेलंच नाही, सेवा केली! आणि सेवेचं बिल मात्र युनिटावर. वर पैसे आधीच वॉलेटमध्ये भरून घेतलेले, त्यामुळे 'देत नाही जा' म्हणायचीही सोय नाही.

हेल्पलाइनवरच्या बाईंनी गोड आवाजात चार्जरच्या स्क्रीनचा फोटो मागितला. ती स्क्रीन उन्हात मुळात दिसत नाही आणि चार्जिंग संपलं की आकडा पुसून पुढच्या गिऱ्हाइकाचं स्वागत करते. मी तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ॲपमध्ये तक्रार टाका.

"लिवा," मामा शेजारी सरकून बसले. "साक्षीदार म्हणून माझं नाव घाला."

साक्षीदाराचा रकाना नव्हता. मामांना ते पटलं नाही. तक्रारीची सुरुवात त्यांनी 'मेहेरबान साहेबांस' अशी करायला लावली आणि चार्जरचं दोन वाक्यांत उरकून ते कारखान्याकडे वळले. कुठल्या हंगामात किती टन कमी दाखवला, साखरेचा उतारा कसा पाडला, बिल किती महिने थकलं, हे सगळं मी टंकत गेलो. रकान्यात दोनशेच अक्षरं मावत होती. 'तरी आमचे उसाचे थकीत' इथे मजकूर तुटला. मी तसाच पाठवून दिला.