मोडलेल्या हाताने सही करण्याची कला

आपली काहीही चूक नसताना दुसऱ्याच्या गाडीची धडक खाण्याचा योग ज्यांच्या पत्रिकेत आहे, त्यांनी तो शक्यतो मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान आणि एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीच्या मधोमध साधावा. मी हे पथ्य पाळले नाही. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याच्या बाह्यवळणालगतच्या सेवा रस्त्यावरून मी आपल्या बाजूने, हेल्मेट घालून मोटारसायकल चालवत होतो आणि पुढच्या वळणापर्यंतचे अर्धा किलोमीटर वाचवावे म्हणून उलट दिशेने आलेल्या एका मोटारीने मला उडवले. उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले. मी ज्या जागी पडलो ती नेमकी कोणाच्या हद्दीत येते, यावर दोन पोलीस ठाण्यांचे एकमत व्हायला सोमवार उजाडला.

पडल्या पडल्या वेदना जरा बाजूला ठेवून घटनास्थळाची छायाचित्रे काढावीत. मोबाइल उजव्या खिशात ठेवण्याची सवय असेल, तर तो डाव्या हाताने काढण्याचा सराव घरी करून ठेवावा.

धडक देणाऱ्याचा विमा चालू आहे की नाही, हे धडकेपूर्वीच त्याला विचारून घ्यावे.

गर्दी जमली की त्यातला एक अनुभवी गृहस्थ पुढे होऊन ‘मिटवून टाका’ असे सांगतो. त्याचा अव्हेर करू नये, कारण पुढे हाच सल्ला तुम्हाला ठाण्यात, रुग्णालयात आणि स्वतःच्या चुलत्यांकडूनही मिळणार असतो आणि कानांना त्याची सवय झालेली बरी. (मला उचलून रुग्णालयात नेले ते एका रिक्षावाल्याने. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असे मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर केलेल्या नियमांत लिहिले आहे. ते त्याला ठाऊक नव्हते, तरी तो थांबला.) ‘मिटवले’ नाही तर गुन्हा नोंदवला जातो आणि मग आपली मोटारसायकलही तपासणीसाठी ठाण्याच्या आवारात जमा होते. तेथे मारणारी आणि मार खाणारी अशी दोन्ही वाहने शेजारी शेजारी धूळ खात उभी असतात. फरक इतकाच की मारणारीच्या मालकाकडे दुसरी मोटार असते. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी 48 तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवावा, असा 2022 पासून नियम आहे. हा नियम ठाण्यात जाऊन मोठ्याने वाचून दाखवू नये.

रुग्णालयात गेल्यावर अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळण्याची केंद्राची योजना 2025 च्या मे महिन्यापासून लागू आहे, हे काउंटरवर सांगून पाहावे. ‘आमच्याकडे अजून आदेश आलेला नाही’ हे वाक्य ऐकल्यावर तुमचे स्वतःचे आरोग्य विम्याचे कार्ड पुढे करावे. अंतिम बिलातून हातमोजे, कापूस आणि गाऊन वगळले जातील. शस्त्रक्रिया डॉक्टरांनी हातमोजे न घालता करावी, अशी विमा कंपनीची इच्छा असावी.

आता सहीविषयी. विम्याच्या दाव्याच्या अर्जावर सही लागते, हे सर्वांना माहीत आहे. उजव्या हाताला प्लास्टर होते म्हणून मी डाव्या हाताने सही केली. आठ दिवसांनी अर्ज परत आला, कारण सही पॉलिसीवरील सहीशी जुळत नव्हती. मी दूरध्वनी करून नम्रपणे सांगितले की, हात मोडला आहे म्हणूनच दावा केला आहे. त्यावर, सही का बदलली याचे स्वघोषणापत्र पाठवावे आणि त्यावर सही करावी, असे उत्तर मिळाले. कोणत्या हाताने, असे मी विचारले. त्यावर ‘नेहमीच्या’, असे उत्तर आले. मग बँकेकडून सही साक्षांकित करून आणण्याची सूचना झाली. बँकेत गेलो, तर तेथील अधिकाऱ्यांनी संगणकावरची जुनी सही आणि समोरची नवी सही पाहून, जुळत नसलेली सही साक्षांकित करता येत नाही, असा अत्यंत तर्कशुद्ध निर्णय दिला. मी डाव्या अंगठ्याचा ठसा देऊ केला. तो निरक्षरांसाठी असतो, तुम्ही तर शिकलेले दिसता, असे माझ्या साक्षरतेचे कौतुक करून त्यांनी मला परत पाठवले. माझ्याजवळ क्ष-किरण चित्र होते, शस्त्रक्रियेचा अहवाल होता आणि खुद्द प्लास्टरमधला हात होता, जो मी काउंटरवर ठेवून दाखवला. पण हात हा पुरावा म्हणून स्वीकारार्ह कागदपत्रांच्या यादीत नाही. मी सहा आठवडे शर्टाची बटणे बायकोकडून लावून घेतली, डाव्या हाताने वरणभात खाल्ला, रजा बिनपगारी झाली, आणि या सगळ्यात कोणाला शंका कशाची, तर मी मीच आहे की नाही याची! ज्याने मला उडवले त्याला या सहा आठवड्यांत एकाही कागदावर दोनदा सही करावी लागली नाही.

गाडीचे सर्वेक्षण त्यामानाने सुखाचे असते. प्लास्टिकच्या आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे घसारा म्हणून कापले जातात आणि झिरो डेप (म्हणजे घसारा न कापणारे जादा विमा संरक्षण) न घेतल्याबद्दल सर्व्हेअर आपल्याकडे दयेने पाहतो. हेल्मेट फुटले म्हणून डोके शाबूत राहिले, पण हेल्मेट हा गाडीचा भाग नव्हे. शिवाय पाच वर्षे एकही दावा न करता कमावलेला 50 टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, या एका दाव्याने शून्यावर येतो. चूक कोणाची होती, हा प्रश्न बोनसच्या तक्त्यात नाही. तो विचारायचा असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे. तेथे अर्ज सहा महिन्यांत करण्याची अट कायद्यात घातली आहे, निकालाला मात्र तशी काही मुदत दिसत नाही.

आणि धडक देणाऱ्याचा दूरध्वनी आला, तर तो अवश्य घ्यावा. मला आला होता. ‘दादा, तुमचा इन्शुरन्स आहे ना, मग त्यातून घ्या की, केस कशाला करता, माझ्या लायसन्सचा प्रश्न आहे,’ असे तो म्हणाला. हात कसा आहे, हे त्याने विचारले नाही.

या पुढे सल्ला द्यायला मला जमणार नाही. अर्ध्या किलोमीटरसाठी त्याने एका माणसाचा हात मोडला. त्याला घाईही नव्हती. रोज जातो, असे त्याने पोलिसांना स्वतःच सांगितले. ‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्यांनो, तुम्ही काय मिटवायला सांगत आहात? माझ्या मनगटात धातूची पट्टी आहे आणि सहा स्क्रू आहेत. तुमच्यासारखे दहा जण त्या संध्याकाळी तिथे उभे होते. जबाब द्यायला एक आला नाही. कार्यालयांतल्या लोकांनो, समोर प्लास्टर घालून बसलेल्या माणसाची सही जुळत नाही म्हणताना तुम्हाला लाज वाटायला हवी होती. वर बघायचे होते, कागदाकडे नव्हे.

काल प्लास्टर निघाल्यावर त्याच सेवा रस्त्याने रिक्षातून घरी आलो. त्याच जागी समोरून उलट दिशेने चार दुचाकी आल्या, त्यांतल्या एकीवर पुढे एक लहान मूल उभे केले होते आणि त्याच्या डोक्यावर काहीही नव्हते. मी रिक्षातून ओरडलो. त्या बापाने मलाच शिवी दिली. अरे, वळण पुढे दिसते आहे. गाडी फिरव आणि तिथून ये.