‘कोर्ट मार्शल झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

‘अमुक जवानाचं कोर्ट मार्शल झालं’ अशी बातमी आली की गावभर एकच अर्थ निघतो: नोकरी गेली, अब्रू गेली. पण कोर्ट मार्शल हा खटला असतो आणि त्यातून माणूस निर्दोष सुटूही शकतो. आपण खटल्याच्या नावालाच शिक्षा समजत आलो, याचा मला मनापासून त्रास होतो. उलट, सैन्यातून प्रशासकीय आदेशाने कमी केलेल्या कित्येकांवर खटला चाललेलाच नसतो. लोक मात्र त्यांच्याही नावापुढे ‘कोर्ट मार्शल’ लावून मोकळे होतात.

दुसरा घोळ ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’चा. नावात कोर्ट असलं तरी ही नुसती चौकशी असते. तिथे आरोपपत्र नसतं, शिक्षा देता येत नाही, आणि तिथला जबाब पुढे कोर्ट मार्शलमध्ये सहसा पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून जवान निर्धास्त राहतो आणि चूक तिथेच होते. आर्मी रूल्स 1954 मधला नियम 180 सांगतो की चौकशीत एखाद्याच्या चारित्र्यावर किंवा सैनिकी लौकिकावर ठपका येण्यासारखं असेल, तर त्याला पूर्ण वेळ हजर राहण्याची, जबाब देण्याची आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी मिळालीच पाहिजे. ही संधी मागायची, आणि नाकारली तर तसं लेखी नोंदवायला लावायचं. त्यानंतर सीओंसमोर, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरसमोर, आरोपाची सुनावणी, मग ‘समरी ऑफ एव्हिडन्स’ म्हणजे साक्षी लेखी उतरवून घेणं, आणि मग खटला. खटल्याची सूचना मिळाल्यापासून तयारीला किमान 96 तास मिळतात, ‘अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’वर, म्हणजे प्रत्यक्ष लष्करी मोहिमेवर असेल तर 24.

आर्मी अ‍ॅक्ट 1950 प्रमाणे कोर्ट मार्शल चार प्रकारचं. जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी बसतात, फाशीपर्यंत कुठलीही शिक्षा देऊ शकतात, पण फाशीला दोन तृतीयांश सदस्यांचं एकमत लागतं. कायद्याची बाजू सांगायला जज अ‍ॅडव्होकेट असतोच. डिस्ट्रिक्टला तीन अधिकारी, कैद जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि अधिकारी किंवा जेसीओवर (सुभेदारासारख्या ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरवर) ते चालतच नाही. समरी जनरल हे प्रामुख्याने युद्धकाळासाठी.

चौथं समरी कोर्ट मार्शल, आणि खरी काळजी याचीच वाटते. इथे कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय. शेजारी दोन अधिकारी किंवा जेसीओ बसतात, पण त्यांना शपथ नाही, मत नाही. आरोपीला मदतनीस घेता येतो. तो कानात सांगू शकतो, प्रश्न सुचवू शकतो. पण साक्षीदाराला विचारायचं आरोपीने स्वतः! लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरचा सीओ असेल तर एक वर्षापर्यंत कैद देता येते. रणजित ठाकूर या जवानाच्या खटल्यात जेवण घ्यायचा हुकूम मोडला म्हणून वर्षभराची सक्तमजुरी झाली होती. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने पूर्वग्रह आणि गुन्ह्याच्या मानाने भलतीच जड शिक्षा, या कारणांनी ती रद्द केली. हवाई दलाच्या कायद्यात हा प्रकारच नाही. तिथे तीन प्रकारांत भागतं, मग भूदलात शांततेच्या काळातही हा कशाला हवा, हे मला पटलेलं नाही.

बाकी तिन्ही प्रकारांत निकाल लागला म्हणजे संपलं असं नसतं. वरिष्ठांनी तो कायम करेपर्यंत त्याला अर्थ नाही. लाल किल्ल्यावरच्या आझाद हिंद सेनेच्या पहिल्या खटल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांना जन्मठेप-काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी 1946 मध्ये निकाल कायम करताना तीच माफ केली.

आता शब्दांचं. कोर्ट मार्शल आणि मार्शल लॉ यांचा संबंध जोडू नका. 1930 साली सोलापुरात लागला तो मार्शल लॉ, म्हणजे सामान्य नागरिकांवर सैन्याचा अंमल. आणि गणवेशातला प्रत्येक आरोपी कोर्ट मार्शलसमोर जातो असंही नाही. नौदलाचे कमांडर नानावटी यांचा 1959 मधला खुनाचा खटला मुंबईच्या सत्र न्यायालयातच, ज्यूरीपुढे चालला.

‘लवाद’ हा शब्द तर आपण कुठेही चिकटवतो. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला मध्यस्थ. हरित लवाद लिहितो ते खरं न्यायाधिकरण, कायद्याने नेमलेलं. तसंच 2007 च्या कायद्याने आलेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं एक पीठ मुंबईत आहे. कोर्ट मार्शलविरुद्ध अपील तिथे होतं, एक न्यायिक आणि एक सैन्यातून निवृत्त झालेला सदस्य ते ऐकतात. मात्र समरी कोर्ट मार्शलचा निकाल असेल तर बडतर्फी किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद झालेली असली पाहिजे. त्याहून हलक्या शिक्षेला हा दरवाजा बंद, त्यामुळे आधी शिक्षेचा आदेश नीट वाचा. आणि खटल्याच्या कामकाजाची प्रत मागून घ्या. आरोपीचा तो हक्क आहे, आणि प्रत हातात नसेल तर वकील अपिलात लिहिणार तरी काय?